माझ्या चुलीची टेकडी

मॅडम पहिल्यांदा गच्चीवर आल्या तेव्हा त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग चारी बाजूंना नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही इथेच राहता?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणायच्या आधी खोलीचं दार पायानं लोटून घेतलं. आत अंथरूण तसंच पसरलेलं होतं, आणि कोणी मोठं माणूस येणार आहे हे सुपरवायझरनं मला सांगितलंच नव्हतं.

भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या या गोदामाला छप्पर पत्र्याचं आहे, पण पुढच्या ऑफिसवर स्लॅब आहे आणि त्या स्लॅबच्या एका टोकाला माझी खोली. माझी ड्युटी दिवसाची, गेटवर. संध्याकाळी दुसरा वॉचमन येतो आणि मी जिना चढून वर जातो. गोदामातली माणसं मानकोलीकडे चार-पाच जण मिळून एकेक खोली घेऊन राहतात. तिथे भांडणं, एकाच ताटात जेवणं, सगळं चालतं. मला एकट्याला खोली मिळाली याचा त्यांना हेवा वाटायचा. मलाही सुरुवातीला ते नशीबच वाटलं होतं.

मी हिंगोलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. भिवंडीत आलो तो लूमवर, कापडाच्या मागावर. बरीच वर्षं लूम चालवली, मग छातीला त्रास होऊ लागला आणि एका ओळखीच्या माणसानं या गेटवर बसवलं. बायको आणि मुलगी गावाकडे असतात. मुलीची शाळा तिकडे चांगली चाललीय, ती मोडून इकडे आणायची आमची हिंमत झाली नाही. तेव्हा मी इकडे, त्या तिकडे.

मॅडम पुण्याच्या एका संस्थेत हवेचा अभ्यास करायच्या. मूळच्या भिवंडीच्याच. वडील इथल्या शाळेत शिक्षक होते, घर जुन्या आळीत. त्या सांगायच्या, "लहानपणी वाळत घातलेले कपडे आई आत घेताना दहा वेळा झटकायची. धूळ आहे म्हणायची. मला बघायचंय, ती धूळ नक्की काय होती." त्यासाठी त्यांना उंचावरची, मोकळी, रात्रंदिवस वीज असलेली आणि माणूस हजर असलेली जागा हवी होती. गोदामाच्या शेठनं परवानगी दिली. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की हा एक हिवाळा बघायचा. जागा चांगली निघाली तर मशीन इथेच ठेवायचं, नाही तर शेलार गावच्या एका शाळेच्या गच्चीवर हलवायचं.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पाऊस सरल्यावर मशीन आलं. एक नव्हे, तीन. एका स्टँडवर नळी होती. ती सूर्याकडे तोंड करून दिवसभर फिरायची आणि अंधार पडला की मान खाली घालायची. दुसरी कपाटाएवढी पेटी, ती ओझोन मोजायची. तिसरी त्याहून लहान. तिच्यातून एक पाइप वर गेला होता, पाइपाच्या तोंडावर पालथी वाटी ठेवल्यासारखं झाकण. ही हवा ओढून घ्यायची आणि हवेतले बारीक कण, काजळी मोजायची. तिचा पंप सारखा हलकेच घुमायचा. लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाला तो आवाज झोपेत कुणी श्वास घेत असल्यासारखा वाटायचा.

माझं काम साधं होतं. नळीची काच मऊ कागदानं पुसायची. पक्ष्यांची घाण पडली तर काढायची. लाल दिवा लागला तर फोन करायचा. आणि रोज दुपारी आभाळाचा एक फोटो मॅडमना पाठवायचा, कारण त्या सुमाराला वरून एक उपग्रह जायचा. मॅडम म्हणायच्या, "तो वरून खाली बघतो, आपली नळी खालून वर. दोघांचं जुळतंय का ते आपण बघायचं. त्याला एवढंच कळतं की मधे धूर आहे. तो जमिनीलगत आहे की उंचावर, ते त्याला नीट कळत नाही."

मी भित्रा माणूस. काच एकदा पुसून झाली की पुन्हा जाऊन बघायचो. त्या पेटीची किंमत मी विचारली नाही, कारण कळली असती तर मी तिच्याजवळ गेलोच नसतो. बारीकसारीक गोष्टींसाठी फोन करायचो. मॅडम, टाचणीएवढा ओरखडा दिसतोय. मॅडम, नळीवर मुंगी आहे, काढू का? एकदाही त्या वैतागल्या नाहीत. "काढा ना दादा, पण फुंकर मारू नका," असं शांतपणे सांगायच्या. इतक्या शिकलेल्या बाईनं माझा फोन उचलावा आणि मी बोलेपर्यंत थांबावं, याचंच मला अप्रूप होतं.

ओझोनचं मात्र मला बरेच दिवस उलटंच कळलं होतं. मॅडमनी सांगितलं होतं की खूप उंचावर ओझोन असतो, तो उन्हातल्या वाईट किरणांपासून आपल्याला छत्रीसारखा वाचवतो, आणि तोच खाली जमिनीजवळ असला की छातीला बाधतो. मला वाटलं, वरचा गळून खाली येतो. मी तसं फोर्कलिफ्टवाल्या भाईला छातीठोकपणे सांगितलं. तो आझमगढचा. त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मतलब चाचा, ऊपरवाले की टंकी लीक है?" आणि सगळी माणसं हसली. पुढे मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की तो वरून येत नाही, इथेच तयार होतो, गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की. "म्हणजे इथलाच," मी म्हणालो. "हो, इथलाच. पण इथे नको असलेला." त्यानंतर कितीतरी दिवस दुपारी डोळे चुरचुरले की मला ते शब्द आठवायचे.

मग नवरात्र आलं. लूमवर खंडेनवमीला लूम धुऊन पुसून हार घालायचा, ही सवय हाडात मुरलेली. खाली फोर्कलिफ्टला हार, वजनकाट्याला हार, ट्रकना लिंबू-मिरची. आणि वर माझी तीन मशीनं तशीच. पण विचारल्याशिवाय हात लावायची माझी टाप नव्हती.

"मॅडम, उद्या खंडेनवमी. मशीनची पूजा करू का?"

 त्या म्हणाल्या, "करा ना. पण हळदकुंकू काचेला नको. आणि उदबत्ती, कापूर काही नको. धूर अजिबात नको."

"आणि नारळ?"

"नारळ खाली गेटवर फोडा. खोबरं मात्र माझ्या वाटणीचं ठेवा."

मी स्टँडच्या पायाला झेंडूची माळ बांधली आणि नुसते हात जोडले. सुपरवायझर अंजूरचाच, आगरी माणूस. वर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय रं वॉचमन, देवाला उपाशी ठेवलास काय? उदबत्ती पन न्हाय?"

"मॅडम म्हणाल्या धूर नको."

"धुराची मशीन, आन धूर नको! कमाल हाय." तो हसत खाली गेला.

आणि त्या संध्याकाळी, इतकं सगळं पाळून, मी खोलीच्या पलीकडे तीन विटांवर चूल पेटवली आणि गोडाधोडाचा दिवस म्हणून शिरा केला. मशीनपासून चूल जेमतेम दहा-बारा पावलांवर होती. पण माझ्या मनात काही आलंच नाही. आमच्या घरात चुलीच्या धुराला कधी कोणी धूर म्हटलं नाही. धूर उदबत्तीचा, धूर सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या चिमणीचा, धूर जळत्या कचऱ्याचा. चुलीवर होतो तो स्वयंपाक. गोदामात माल रचायच्या मोडक्या पॅलेटची लाकडं पडून असायची, सुपरवायझरच म्हणायचा घेऊन जा. गॅस माझ्याकडे नव्हता. मी रोज दिवेलागणीला चूल पेटवायचो, दोन भाकरी आणि काहीतरी कोरड्यास करायचो. खरं तर नेहमी तेवढंही नाही. एकट्यासाठी पीठ मळायचा कंटाळा यायचा. मग नुसताच चहा.

गावाहून फोन आला की बायको पहिलं विचारायची, "जेवलाव का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"भाकरी, पिठलं."

पिठलं दर वेळी. तिला शंका यायची का, माहीत नाही. मुलगी लांबून ओरडायची, "पप्पा, मशीन काय म्हणतंय?" आणि मी म्हणायचो, घुमतंय.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा मला ताप आला. कशीबशी ड्युटी केली, वर आलो आणि तसाच पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. आपण होऊन त्या क्वचितच फोन करायच्या, म्हणून आधी मला वाटलं, मशीनचं काही बिघडलं.

"दादा, काल संध्याकाळी तिथे काही वेगळं होतं का?"

"नाही मॅडम. लाल दिवा नव्हता."

"मशीन ठीक आहे. पण रोज संध्याकाळी काजळी एकदम वर जाते, टेकडीसारखी, आणि मग उतरते. मला वाटत होतं जवळच्या सायझिंगचा बॉयलर असेल, नाही तर गोदामात कोणी प्लॅस्टिक जाळत असेल. काल टेकडी नव्हतीच. सपाट. काल काय नव्हतं तिथे?"

मी विचार केला. बॉयलरची चिमणी तर काल चालू होती. ट्रक होतेच.

"मॅडम, काल मला ताप होता. मी आल्याबरोबर झोपलो."

"अरे. औषध घेतलंत का? आणि जेवण?"

"केलं नाही."

 मग त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही वर चूल पेटवता, दादा?"

माझ्या पायाखालची स्लॅब सरकली. धूर अजिबात नको, हे शब्द मला त्या क्षणी पहिल्यांदा खरे ऐकू आले. मी म्हणालो, "मॅडम, माझी चूक झाली. मला वाटलं उदबत्तीचा धूर. चुलीचं माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग, "मशीन शेलारला नेऊ नका." हे मी का म्हणालो मला कळलं नाही. नोकरीचं म्हणायला हवं होतं, खोलीचं म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं ते हे.

"आज लगेच कुठे नेतेय," त्या म्हणाल्या. "आधी बरे व्हा. आणि चूल बंद करू नका अजून. ती टेकडी तुमचीच आहे का, ते आधी बघू दे. पेटवली की मला मेसेज करा, विझवली की करा."

ते पुढचे काही आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. संध्याकाळी विटांपाशी बसायचं, फोन पुसून शेजारी ठेवायचा. "पेटवली." थोड्या वेळानं पलीकडून, "दिसतेय." पुण्यात बसून एक माणूस माझी चूल पेटलेली बघत होतं! मॅडमना बारकावे लागायचे. लाकूड कसलं? फोडणी दिली का? कारण फोडणीचे कण वेगळे, ओल्या लाकडाचा धूर वेगळा, हे त्यांना ताडून बघायचं होतं. "आज टेकडीला दोन शेंडे आहेत, काय केलंत?" "मॅडम, आधी वरण, मग मिरचीचा ठेचा." "तरीच."

आणि मी स्वयंपाक करू लागलो. खोटं कशाला, त्या विचारणार म्हणून करू लागलो. नुसता चहा घेऊन झोपायची सोय राहिली नव्हती. चहाची टेकडी अगदीच बुटकी दिसायची आणि मॅडम लिहायच्या, "आज एवढंच?" मग मी बाजारातून मेथी आणली, वांगी आणली. बायकोला फोनवर विचारलं की शेंगदाण्याचं कूट आधी घालायचं की नंतर. ती म्हणाली, "आज काय पाव्हणे आलेत का?" मी म्हणालो, तसंच समज. त्या दिवसांत तिला सांगितलेलं सगळं खरं होतं.

मला ठाऊक होतं की मॅडमना माझी नाही, काजळीची चौकशी आहे. एवढी अक्कल होती. तरी दिवेलागण झाली की जिना मी भराभर चढायचो.

थंडी ऐन भरात असताना मॅडम दोन साहेबांना घेऊन आल्या. मी खुर्च्या मांडल्या, चहा खालून मागवला. मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि मलाही जवळ बोलावलं. रोजची रेघ, आणि रोज संध्याकाळी तिच्यावर एक टेकडी. "ही दादांची," त्या साहेबांना म्हणाल्या. मधेच एका ठिकाणी काही दिवस रेघ सपाट होती, त्या तापानंतर मी गावी जाऊन आलो होतो तेव्हाची. गाव सोडून निघताना मुलगी एसटीपर्यंत आली होती. ते सगळं त्या सपाट तुकड्यात होतं आणि ते मला एकट्यालाच दिसत होतं.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "उपग्रहाशी जुळवायचं काम दुपारचं, ते ठीक आहे. ओझोनचंही चालेल. पण काजळीसाठी ही साइट बाद. आपल्याला शहराची हवा मोजायचीय, एका माणसाचं जेवण नाही. शेलारला हलवा."

ते रागानं बोलले नाहीत. खरं तेच बोलले.

सुपरवायझर जिन्यात उभा होता. तो पुढे झाला. "साहेब, मशीन कशाला हलवताव? वॉचमनला हलवू. त्याला खाली बाथरूमच्या बाजूची खोली देतो. काय हाय त्यात!"

त्या खोलीला खिडकी नाही. पण मला खिडकीचं वाईट वाटलं नाही. वाटलं, खाली गेलो तर पंपाचा आवाज ऐकू येणार नाही, आणि वर कोणी दुसराच काच पुसेल. मी विचारल्याशिवाय साहेबांच्या पुढे कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"साहेब, चूल बंद करतो. आजपासून. विटा उचलतो."

मॅडम म्हणाल्या, "आणि जेवाल काय?"

"नाक्यावर खाईन काहीतरी. मला सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच विचारतेय," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सर, उरलेला हिवाळा बघू. मी यांना विजेची शेगडी देते. रेघ सपाट आली तर इथेच ठेवू. नाही आली तर शेलार." साहेबांनी मान हलवली. सुपरवायझरनं विजेचा भार किती, प्लग कुठला, अशी थोडी कुरकुर केली आणि शेवटी म्हणाला, "आमचा वॉचमन आता साहेब झाला. शेगडीवर जेवनार!"

विटा मी त्याच दिवशी कंपाउंडच्या भिंतीपाशी नेऊन रचल्या. शेगडी मॅडमनी स्वतः आणून दिली, सोबत चपट्या बुडाचा तवा. दुकानात समजावतात तशी एकेक बटण दाखवून समजावली. मी त्यांना नमस्कार करायला वाकलो तर त्या मागे सरकल्या. "अहो दादा, काय हे!" माझ्या रक्ताच्या माणसांनीही माझ्या जेवणाची एवढी काळजी वाहिली नसेल, असं तेव्हा मनात आलं, आणि लगेच बायकोची आठवण होऊन ओशाळलो.

शेगडी चांगली आहे. भाकरी तिच्यावर फुगत नाही, निखाऱ्याला लावायची सोय नाही. बाकी वरण, भात झटपट होतं. धूर नाही. डोळ्यांत पाणी नाही, छातीला आराम. मेसेज करायचं कारणही उरलं नाही. पहिले काही दिवस मी "शेगडी लावली" असं पाठवलं. मॅडमनी एकदा अंगठा पाठवला, मग कळवलं की आता सांगायची गरज नाही.

एका संध्याकाळी मी भात लावलाच नाही. आडवा पडून राहिलो. ताप नव्हता, काही नव्हतं. सकाळी ड्युटीवर बसलो तरी हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता. फोन आला नाही. येणारच नव्हता, कसा येईल? भात लावला काय आणि नाही लावला काय, रेघ तीच. हे मला आधी कळायला हवं होतं, पण कळलं त्या दिवशी.

भिंतीपाशी विटा होत्याच. पॅलेटची लाकडं होती. एकदा पेटवली तर एकच टेकडी येईल, मॅडम विचारतील, मी सांगेन चुकून. असं दोन-तीनदा मनात आलं. एकदा तर लाकडं वर घेऊन आलो. मग त्या मशीनकडे बघितलं आणि परत खाली नेऊन टाकली. सुपरवायझरनं जिन्यात पाहिलं. "काय रं, लाकडं फिरायला नेतोस काय?" मी म्हणालो, सवय मोडत नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हा एकदा मीच फोन केला. नळीवर कबुतर बसतंय, असं कारण काढलं. खोटं नव्हतं, बसायचंच. मॅडम घाईत होत्या, मागे माणसांचा आवाज होता.

"तार लावून घ्या दादा, बसणार नाही. आणि ऐका, बरं झालं फोन केलात. मी कळवणारच होते. मशीन तिथेच राहणार. पुढचा हिवाळाही. सरांनी सही केली."

 "मॅडम, तुमचे उपकार," एवढंच म्हणालो.

"उपकार कसले, तुमच्यामुळेच झालं. इतकी स्वच्छ रेघ आलीय! शहर अगदी नीट दिसतंय. सकाळचे ट्रक, बॉयलर, सगळं वेगवेगळं. तुमचं तर काहीच दिसत नाही आता."

त्या कौतुकानं म्हणत होत्या. आवाजात आनंद होता आणि तो मला हवाच होता. मी म्हणालो, "बरं झालं मॅडम." त्यांनी फोन ठेवला.

मी भात लावला. होईपर्यंत लहान पेटीपाशी जाऊन बसलो, पाठ तिच्या स्टँडला टेकून. खाडीकडून वारा येत होता. डोक्यावर पाइपाचं तोंड होतं आणि पंप आपला हवा ओढत होता. माझा श्वासही त्यात जात असणार. पण तेवढ्यानं टेकडी होत नाही.